पेटीवाल्यांसाठी मिडी: तयार पॅटर्न आणि लॅपटॉपमधला पियानो वापरून गाण्याला साथ कशी करायची

आत्याने नातीसाठी एक अंगाई केली. शब्द तिचे, चालही तिचीच, भूपात बांधलेली, दादऱ्यात. रेकॉर्ड करायची ठरली तेव्हा म्हणाली, "पेटी नको रे, पियानो वाजव मागे. हलका." मी भजनी मंडळात पंधरा वर्षं पेटी वाजवतोय, त्यामुळे "त्यात काय, दोन दिवसांत करतो" असं बोलून बसलो. तीन महिने लागले. त्यातले दोन तरी अशा गोष्टींत गेले, ज्या कुणी शेजारी बसून दहा मिनिटांत सांगितल्या असत्या.

ज्यांना सूर-ताल कळतो, थोडीफार पेटी किंवा कीबोर्ड येतो, पण कॉम्प्युटरवर कधी संगीत केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चुकलो तिथे तुमचे दिवस जाऊ नयेत, एवढंच.

१. आधी डोक्यातला गोंधळ काढा: मिडी फाइलमध्ये आवाज नसतो

मला पहिला महिना हेच कळलं नव्हतं. मिडी फाइल म्हणजे गाण्याची फाइल असं समजून मी ती मोबाइलवर वाजवली, तर भिकार खेळण्यातल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, फाइलच फालतू आहे.

आपली भातखंडे स्वरलिपी आठवा. वहीत लिहिलेल्या "सा रे ग प"मधून आवाज येत नाही, वाजवणारा ते वाचून वाजवतो. मिडी ही तशीच लिपी आहे, फक्त फार काटेकोर. कुठली पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, पेडल खाली होतं की वर, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ते वाचून वाजवणारा म्हणजे तुमच्या लॅपटॉपमधला पियानो. माझ्या मोबाइलमधला वाजवणारा वाईट होता, लिपी चांगली होती.

ही लिपी १९८३ सालची. सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. त्या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. तीस वर्षांपूर्वीची मिडी फाइल आजही उघडते, ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

काही आकडे लक्षात ठेवा, पुढे रोज लागतात. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मधला सी, म्हणजे मधली पांढरी एक, ६०. तिच्या पुढची काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं चढत जायचं. पट्टी किती जोरात दाबली त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, तीही १२७ पर्यंतच. पियानोच्या ८८ पट्ट्या २१ ते १०८ या क्रमांकांत बसतात.

इथेच एक सापळा आहे. या ६० नंबरच्या पट्टीला काही सॉफ्टवेअर सी-४ म्हणतात, एबलटन सी-३ म्हणतं आणि एफएल स्टुडिओ सी-५. कुणी "सी-३ वर सुरू कर" सांगितलं आणि तुमचं एक सप्तक चुकलं, तर दोष कानाचा नाही. नंबर विचारा, नंबर बदलत नाही.

२. सामान

• लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. ८ जीबी रॅम असली तर निवांत काम होतं.
• ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड. २५ पट्ट्यांचा घेऊ नका, दोन हात मावत नाहीत. घेताना दोन गोष्टी बघा: जोर ओळखणाऱ्या पट्ट्या आणि पेडलचं भोक. घरात जुना कॅसिओ किंवा यामाहा असेल आणि मागे यूएसबी किंवा पाच पिनांचं मिडी भोक असेल, तर नवीन काही घेऊच नका.
• साधं सस्टेन पेडल. "नंतर बघू" म्हणू नका, पियानो पेडलशिवाय पियानो वाटत नाही.
• वायरचा हेडफोन. वायरचाच, कारण पुढे येतंय.
• यूएसबी केबल. बऱ्याच कीबोर्डांना प्रिंटरची चौकोनी तोंडाची केबल लागते. छोट्या तोंडाची लागत असेल तर मोबाइलच्या चार्जरबरोबरची केबल लावून फसू नका, काही केबलींतून नुसती वीज जाते. मी एक अख्खा रविवार "कीबोर्ड सापडत नाही" यावर घालवला, दोष केबलचा होता.
• वही-पेन. गंमत नाही, खरंच.

कीबोर्ड घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तरी अडत नाही. माऊसने एकेक नोट मांडता येते. अंगाईचा पहिला अंतरा मी तसाच केला, फक्त मान धरली.

३. सॉफ्टवेअर: एक वही, एक पियानो

दोन गोष्टी लागतात आणि नवीन माणूस नेमका यांतच गोंधळतो. एक म्हणजे ज्यात रेकॉर्डिंग, मांडणी, मिक्सिंग होतं ते सॉफ्टवेअर. त्याला सगळे "डॉ" (DAW) म्हणतात. दुसरं म्हणजे त्याच्या आत बसणारं वाद्य, म्हणजे प्लगइन.

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं, पियानोही त्यातच असतो, सुरुवातीला पुरे. विंडोजवर मी रीपर घेतलं. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरायला देतात, नंतर घरगुती लायसन्स ६० डॉलरचं आहे. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, पण गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करायचा तर ते सोयीचं नाही. एफएल स्टुडिओची ट्रायल घेणाऱ्यांनी सांभाळा: काम सेव्ह होतं, पण सेव्ह केलेलं परत उघडायला पैसे भरावे लागतात. माझ्या एका विद्यार्थ्याला हे गाणं अर्धं झाल्यावर कळलं.

पियानोचे दोन प्रकार असतात. पहिल्यात खऱ्या पियानोची एकेक पट्टी वेगवेगळ्या जोराने वाजवून रेकॉर्ड केलेली असते. मोफत मिळणारा सॅलमँडर ग्रँड पियानो या जातीचा आहे. तो यामाहा सी-५ या ग्रँड पियानोवर रेकॉर्ड केलाय, प्रत्येक सुराला जोराच्या १६ पायऱ्या आहेत. तो एसएफझेड स्वरूपात मिळतो, म्हणजे तो उघडायला स्फोर्झान्डोसारखा मोफत प्लेअर लागतो. दुसऱ्या प्रकारात रेकॉर्डिंग नसतंच, तारेचं आणि हातोडीचं गणित करून आवाज जागच्या जागी तयार होतो. पियानोटेक हे त्याचं ठळक उदाहरण. ते विकत घ्यावं लागतं, पण जागा फारच कमी घेतं.

अंगाईला मी सॅलमँडर वापरला. चार पियानो उतरवून घेऊन तुलना करत बसू नका. मी बसलो होतो, आठ दिवस.

प्लगइन टाकल्यावर दिसत नसेल तर घाबरू नका. डॉच्या सेटिंगमध्ये प्लगइनचं फोल्डर दाखवून "रीस्कॅन" करावं लागतं. एसएफझेडचा पियानो तर प्लगइनच्या यादीत येतच नाही. आधी स्फोर्झान्डो उघडायचं आणि मग त्यात ती फाइल टाकायची.

४. जोडणी, आणि उशिरा येणारा आवाज

कीबोर्ड जोडा, डॉच्या पसंतींमध्ये मिडी इनपुट चालू करा, नवा ट्रॅक घ्या, त्यावर पियानो टाका, ट्रॅकचं लाल बटण दाबा, पट्टी दाबा. आवाज आला पाहिजे.

आला, पण पट्टी दाबल्यावर जरा वेळाने आला? मग बफर बघा. आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार होतो, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १२८ चा बफर म्हणजे ३ मिलिसेकंद, ५१२ चा १२, १०२४ चा २३. हवेत आवाजाला एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ५१२ वर तुम्ही पियानोपासून चार मीटर लांब बसून वाजवताय असं समजा. जमतं, पण खटकतं. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. कडकड आवाज यायला लागला तर वाढवा. विंडोजवर त्यासाठी आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज उशीर न करता पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो. साउंड कार्डाबरोबर आला नसेल तर आसिओ-फोर-ऑल नावाचा मोफत मिळतो. मॅकवाल्यांना हे काही करावं लागत नाही.

ब्लूटूथ हेडफोन मात्र कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. त्यात सहज दीड-दोनशे मिलिसेकंद जातात. सम गेल्यावर "धा" ऐकू येतो. म्हणून वर म्हटलं, वायरचा.

जुना कीबोर्ड जोडला असेल आणि प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर एक आवाज कीबोर्डचा स्वतःचा आहे. त्याच्या मेनूत "लोकल" नावाची सोय असते ती बंद करा, किंवा सरळ त्याचा आवाज शून्य करा. पाच पिनांची केबल असेल तर एकाचं "आउट" दुसऱ्याच्या "इन"मध्ये जातं. नाही चाललं तर टोकं बदलून बघा, काही जळत नाही.

५. पॅटर्नला हात लावण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा

पट्टी, ताल, लय आणि पेटीचा सूर. माझ्या वहीतलं पान असं होतं:

काळी चार. दादरा. मात्रा मिनिटाला ९६. पेटी १२ सेंट चढी.

एकेक बघू. काळी चार म्हणजे जी शार्प. आत्याचा मध्य सा ५६ नंबरवर येतो. म्हणजे भूपाचे सूर ५६, ५८, ६०, ६३, ६५ आणि वरचा सा ६८. हे आकडे वहीत लिहून ठेवले की पियानो रोलमध्ये हरवायला होत नाही. पियानो रोल म्हणजे डॉमधली ती जाळी, जिच्यात डावीकडे उभ्या पट्ट्या आणि पुढे नोटांच्या आडव्या काड्या दिसतात. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोंत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी असायची, तिच्यावरून हे नाव आलं.

दादऱ्याचं सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. माझं असं: टाइम सिग्नेचर ६/४ ठेवा. एक मात्रा म्हणजे एक बीट, एक बार म्हणजे एक आवर्तन, सम प्रत्येक बारच्या तोंडाशी. ६/८ ठेवलं की लयीचा आकडा नक्की कुठल्या मात्रेचा धरायचा यावर सॉफ्टवेअरशी भांडण होतं. केरव्याला ४/४ सरळ आहे, दोन बारांत आठ मात्रा. रूपकाला ७/४. झपतालाला मी १०/४ लावतो, चालतं.

आता पेटी. सूर जुळवायचं जगभरचं माप म्हणजे पांढरी सहा (ए) सेकंदाला ४४० कंपनांवर; बाजारातल्या कित्येक पेट्या या ४४० वर नसतात. लॅपटॉपमधला पियानो मात्र सेटिंग बदलेपर्यंत ४४० वरच असतो. मी आत्याचा आवाज आधी पेटीवर सूर देऊन रेकॉर्ड केला, मग खाली पियानो लावला आणि दोन दिवस स्वतःच्या कानाला दोष दिला. मोबाइलवरच्या ट्यूनरने पेटी तपासली, तर १२ सेंट वर निघाली (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पियानोच्या प्लगइनमध्ये "ट्यूनिंग" किंवा "मास्टर ट्यून" असं बटण असतं, तिथे १२ सेंट वाढवले आणि प्रश्न मिटला. मिडी फाइलमध्ये हाताने काही करावं लागत नाही.

आत्या क्लिकच्या "टिक टिक"वर गाईना. "घड्याळावर कसलं गाणं," म्हणाली. मग मी तबल्याच्या आवाजात "धा धी ना धा ती ना" एक बार मांडून तो गाणंभर फिरवला. त्यावर तिने झकास गायलं, आणि आवाज जाळीवर नेमका बसला.

६. पॅटर्न निवडणं आणि आत आणणं

पॅटर्न म्हणजे आधीच वाजवून ठेवलेले दोन, चार किंवा आठ बारांचे मिडी तुकडे. अर्पेजिओ, वॉल्ट्झ, बॅलड अशा नावांनी गठ्ठ्यात मिळतात. आकार जेमतेम काही केबी. काही डॉमध्ये आयतेच असतात.

आधी तालाशी जुळणारे निवडा. दादऱ्याला ३/४ मधले, म्हणजे बहुतेक वॉल्ट्झचे. त्यांचे दोन बार मिळून आपलं एक आवर्तन. ४/४ चा पॅटर्न ओढूनताणून दादऱ्यात बसवायचा मोह होतो, ओढला की नोटा अर्ध्या मात्रेवर पडतात आणि तबलजी तुमच्याकडे बघायला लागतो.

फाइल ओढून ट्रॅकवर टाकताना डॉ विचारतं, "फाइलमधली लय घेऊ का?" "नको" म्हणा. "हो" म्हटलं तर तुमचे ९६ जाऊन तिची १२० येते आणि रेकॉर्ड केलेलं गाणं जागेवरून हलतं.

एकदा मी चुकून तालवाद्याचा पॅटर्न पियानोवर टाकला. मिडीच्या जनरल मिडी नावाच्या संकेतात ढोलाचा ठोका ३६ नंबरवर आणि स्नेअर ३८ वर असतो. पियानोला ते काय कळणार, त्याने खर्जात "ढम्म ढम्म" सुरू केलं. असं काही ऐकू आलं तर पियानो बिघडलेला नाही, फाइल चुकीची आहे.

हक्कांचंही इथेच सांगतो. विकत घेतलेल्या किंवा "रॉयल्टी-फ्री" लिहिलेल्या पॅटर्नसोबत लायसन्सचा कागद येतो, तो वाचा आणि जपून ठेवा. पण कुणीतरी एखाद्या गाजलेल्या गाण्याची मिडी फाइल करून फुकट वाटली म्हणून चाल फुकट होत नाही. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अभंगाबाबत तर हमखास फसायला होतं: तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण गेल्या शतकात कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची असू शकते.

७. पॅटर्न रागात आणणं

हा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच कुठे मराठीत वाचायला मिळाला नाही.

बाजारातले बहुतेक पॅटर्न पांढरी एकमध्ये, मेजर किंवा मायनरमध्ये असतात. त्यांतली सगळ्यात चालणारी चार कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, चौकडी आपल्या भाषेत सांगायची तर अशी: सा-ग-प, मग प-नी-रे, मग ध-सा-ग, मग म-ध-सा. कानाला गोड. ती मी आत्याच्या अंगाईखाली टाकली आणि तिला ऐकवली. तिने दुसऱ्याच ओळीला हात वर केला. "हे काय मधेच? माझा भूप कुठे गेला?"

बरोबर होतं तिचं. भूपात म आणि नी नाहीत. चारांपैकी दोन कॉर्डमध्ये ते बसलेले आहेत.

उपाय सोपा आहे, पण तो पट्टी बदलण्याआधी करा. पॅटर्न पांढरी एकमध्ये असतो तोपर्यंत म म्हणजे ४१, ५३, ६५, ७७ आणि नी म्हणजे ४७, ५९, ७१, ८३. पियानो रोलमध्ये एवढ्याच आडव्या ओळी बघायच्या. नी सापडला की पुसून टाका. प आणि रे उरतात, ते मोकळे सुंदर वाजतात. म-ध-सा मधला म काढून खाली सा ठेवा, म्हणजे ध आणि सा. बस. पाच मिनिटांत पॅटर्नचा भूप होतो.

यमनात उलट. तिथे सगळे शुद्ध म एकेक घर वर ढकलून तीव्र करावे लागतात. पण मग म-ध-सा हा कॉर्ड कडवट होतो, त्याच्या जागी रे, तीव्र म आणि ध घ्या. आसावरी थाटातल्या चालींना मायनरचे पॅटर्न बरेचसे जसेच्या तसे चालतात. भैरवाला तयार पॅटर्न शोधूच नका, हाताने मांडा, वेळ वाचतो.

राग झाल्यावर पट्टी. सगळ्या नोटा निवडा आणि चार घरं खाली न्या, ६० चा ५६ झाला की पांढरी एकची काळी चार झाली. आता डावा हात ऐका. तो फार खाली गेला असणार. ४८ नंबरच्या खाली तीन सुरांचा घट्ट कॉर्ड ठेवला की नुसती घरघर होते. तिथे फक्त सा-प किंवा सा-सा ठेवा, किंवा अख्खा डावा हात एक सप्तक वर आणा.

आणि एक बारकी गोष्ट. पियानोचा शुद्ध ग तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. गाणारी व्यक्ती तंबोऱ्यावर तयार झालेली असेल आणि ती गंधारावर थांबत असेल, तर तिथे पियानोत लांब ग ठेवू नका. सा-प ठेवा, ग तिच्यासाठी सोडा.

८. पेटीचा हात सोडवणं: जोर, वेळ, पेडल

पेटीवर पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तोच. लहान-मोठेपणा भात्यात असतो. पियानोला भाता नाही, सगळं बोटात. शिवाय पेटीचा सूर हवा असेपर्यंत टिकतो, पियानोचा दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. आपल्या बोटांना हे दोन्ही माहीत नसतं. म्हणून पेटीवाल्याने पहिल्यांदा रेकॉर्ड केलेलं मिडी उघडून बघा, नोटांखाली जोर दाखवणाऱ्या सगळ्या उभ्या काड्या एकाच उंचीच्या, ११० च्या आसपास. माझ्या अशाच होत्या.

अंगाईसाठी शेवटी जमलेलं एक आवर्तन देतो. डावा हात, सहा मात्रा, कंसातला आकडा व्हेलॉसिटी:

सा (६२), प (४६), ग (५०), प (५२), ग (४४), प (४६)

यातला सा ४४ नंबरचा, म्हणजे खालचा, प ५१, ग ६०. सम भारी. चौथ्या मात्रेवर काल (म्हणजे खाली) येतो, म्हणून तिथे ५२, समेपेक्षा दहा कमी. वॉल्ट्झच्या तयार पॅटर्नमध्ये दोन्ही बारांचा पहिला ठोका सारखाच जड असतो, त्यामुळे दादऱ्याचं "धा धी ना, धा ती ना" न होता "धा धी ना, धा धी ना" होतं. प्रत्येक दुसऱ्या बारचा पहिला ठोका दहा-बाराने उतरवला की पाळणा झुलायला लागतो. पूर्ण लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

सगळंच फार जोरात येत असेल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये "व्हेलॉसिटी कर्व्ह" बघा. स्वस्त कीबोर्डांवर थोडं दाबलं की १२७ येतो.

दुसरी अडचण डाव्या हाताची. पेटीत तो आयुष्यभर भाता ओढत आलाय, त्याला वाजवायला काय सांगणार? पण मिडीत एक सोय आहे जी खऱ्या पियानोत नाही. डाव्या हाताचा भाग उजव्या हाताने वाजवा, वेगळ्या फेरीत. लय ६० वर आणून वाजवा आणि नंतर परत ९६ करा, सूर बदलत नाही. कुणालाही कळत नाही. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

वेळेसाठी क्वांटाइझ असतं, म्हणजे नोटा जाळीच्या रेघेवर खेचून बसवणं. शंभर टक्के करू नका, शिवणयंत्र होतं. मी ६० ते ७० टक्के ठेवतो. जाळी आधी तपासा. दादऱ्याच्या एका मात्रेत तुम्ही तीन सूर वाजवले असतील आणि जाळी चारांची असेल, तर ती तुमचे दुसरा आणि तिसरा सूर चुकीच्या रेघांवर नेऊन बसवते. तयार पॅटर्नमध्ये उलटी तक्रार असते, तो आधीच रेघेवर असतो. तिथे "ह्युमनाइझ" वापरून पाच-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे करा. समेची नोट मात्र हलवू नका.

पेडल मिडीत ६४ नंबरच्या कंट्रोलरने लिहिलं जातं. किंमत ६४ किंवा जास्त म्हणजे दाबलेलं, कमी म्हणजे सोडलेलं. कॉर्ड बदलला की पेडल सोडायचं आणि नवा कॉर्ड वाजल्यावर लगेच परत दाबायचं. आधी दाबलं तर जुना कॉर्ड नव्यात मिसळून चिखल होतो. पॅटर्न मधेच कापला तर कधीकधी पेडल सोडल्याची नोंद कापलेल्या भागात राहते आणि पुढचं सगळं गाणं पेडल दाबलेलं राहतं. "अचानक सगळं घुमायला लागलं" असं झालं की आधी ही ओळ उघडा.

९. गाणाऱ्याला जागा द्या

आत्याचा आवाज साधारण ५१ ते ७२ मध्ये फिरतो. ती गात असताना उजव्या हाताला त्या पट्ट्यात काही करू दिलं नाही. मुखड्याला फक्त डावा हात. दोन ओळींच्या मध्ये उजवा हात, ८० च्या वर, तीन-चार सूर. पेटीच्या साथीत आपण गाणाऱ्याच्या मागोमाग तीच चाल वाजवतो. पियानोवर ते करून बघा आणि लगेच पुसून टाका. मींड पियानोत येत नाही, गळा घसरत जातो तिथे पियानो पायऱ्या उतरतो, आणि दोन्ही वाईट ऐकू येतात.

एकच पॅटर्न गाणंभर चिकटवू नका. अंतऱ्यात मी दर चौथ्या आवर्तनात शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या ठेवल्या. श्वास घ्यायला.

१०. बाहेर काढणं आणि जपणं

वॅव्ह फाइल काढा, २४ बिट, सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटच्या नोटेनंतर सहा-सात सेकंद जागा सोडा, नाहीतर पियानोची शेपटी कापली जाते. पियानो वेगळा, आवाज वेगळा, तबला वेगळा, अशा फाइलीही काढून ठेवा.

मित्राला नुसतं प्रोजेक्ट पाठवलं तर त्याच्याकडे पियानो वाजणार नाही, कारण प्रोजेक्टमध्ये तो नसतोच. मिडी आणि वॅव्ह दोन्ही पाठवा. फाइलच्या नावात पट्टी आणि लय लिहा, "अंगाई-काळीचार-९६". "फायनल", "फायनल-२", "खरंफायनल" अशा नावांनी माझे तीन दिवस खाल्ले आहेत.

आणि मिडी कधीच पुसू नका. सगळं झाल्यावर बारशाच्या आठवड्यात आत्याचा घसा बसला. "काळी तीनमध्ये कर, वर जात नाही," म्हणाली. पेटीवाला म्हणून मला धडकी भरली. मग सगळ्या नोटा निवडल्या आणि दोन घरं खाली नेल्या. डाव्या हाताचा खर्जातला सा ४२ वर गेला तो जरा घुमला, तेवढा एक सप्तक वर उचलला. तिने त्याच संध्याकाळी परत गायलं.